येती गं

क्रॉसकंट्रीचा हिशेब मोठा निर्दयी असतो. संघातून धावतात सहा जणी, पण नंबर मोजतात पहिल्या चौघींचे. ज्या कॉलेजच्या चौघींची बेरीज सगळ्यात कमी, त्यांची ढाल. उरलेल्या दोघींनी घाम गाळायचा, केळं खायचं आणि टाळ्या वाजवायच्या. साताऱ्याच्या कॉलेजची शिवांजली दोन वर्षं टाळ्या वाजवत होती. कायमची पाचवी. मूळची औंधकडची, पोरगी कष्टाळू, पण आपण मोजणीतल्या नाही हे तिनं इतकं मनावर घेतलं होतं की हॉस्टेलच्या पंगतीतसुद्धा भाजी संपत आली की ती आपणहून ताट मागं ओढायची.

आणि यंदा विद्यापीठाची स्पर्धा तोंडावर आली असताना चौथ्या नंबरच्या पूजाला पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचं बोलावणं आलं. तारीख नेमकी तीच. आता भरतीपुढं ढालीचं काय घेऊन बसलात! आमच्याकडं भरतीसाठी लग्नाच्या तारखा पुढं ढकलतात. सगळ्यांनी पूजाला पेढा भरवला, आणि पेढा चघळता चघळता सगळ्यांच्या नजरा हळूच शिवांजलीकडं वळल्या. यंदा तिचा नंबर मोजला जाणार होता. ती ढेपाळली तर ढाल सांगलीच्या कॉलेजकडं जाणार, आणि ती कुणामुळं गेली हे शेंबडं पोरगंही सांगणार.

तासगावला जाताना एसटीत मानसिंग सर तिच्या शेजारी येऊन बसले. सर फौजेतनं हवालदार म्हणून निवृत्त होऊन कॉलेजात आलेले. हळू बोलणं त्यांना जमतच नसे.

"आयकायचं. अंजनाच्या मागं राहायचं. निम्म्यापातूर ती तुला वढून नेईल. तितनं म्होरं ती तिच्या चालीनं जाईल, तू तुझ्या चालीनं यायचं. पहिल्या पंचविसांत आलीस तरी आपलं जमतंय. समजलं?"

"व्हय सर."

"जोरसे!"

"व्हय सर!" शिवांजली ओरडली. अख्खी एसटी दचकली, आणि पेंगत असलेल्या कंडक्टरनं उगाचच बेल मारली.

पुढच्या सीटवरून अंजनानं मान वळवली. ही लोणंदची, संघातली तिसरी. तोंडानं फटकळ, पण आपल्या वाटणीची भाकरी दुसऱ्याच्या ताटात टाकणारी. "माझ्या पाठीकडं बघायचं बघ," ती म्हणाली. "पाठीवर काय शिनेमा लागलेला नसतोय, तरीबी बघायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत सुटली. रस्ता द्राक्षबागांमधून जाणारा. छाटणी होऊन वेलींना कोवळी फूट आलेली. हे दिवस फवारणीचे, पण यजमान कॉलेजनं हातापाया पडून सकाळपुरती ती थांबवली होती. त्यामुळं ट्रॅक्टर बांधाला उभे आणि बागायतदार त्यांच्यावर चढून शर्यत बघत होते. फुकटच्या सल्ल्याला तर तोटाच नव्हता. "तोंड मिट गं बाय, वारं जातंय पोटात!" "आगं हात हलीव की, हात काय भाड्यानं आणल्यात व्हय?"

शिवांजलीनं कशाकडं लक्ष दिलं नाही. ती अंजनाच्या पाठीकडं बघत पळत राहिली. पुढं सांगलीच्या पिवळ्या बनियनवाल्या तिघीचौघी घोळक्यानं चालल्या होत्या. त्या लांब जात नव्हत्या आणि जवळही येत नव्हत्या.

निम्मा रस्ता सरला तिथं बेदाण्याची एक रिकामी शेड होती. तिथं अंजनानं मान जराशी वळवली आणि धापा टाकत म्हणाली, "येती गं."

शिवांजली चकितच झाली. सरांचं ठरलं होतं एक, आणि ही विचारतेय, येती का गं? म्हणजे आपल्याला पुढं चल म्हणतेय. बेत बदलला वाटतं! आता कुणी एवढं आपुलकीनं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? आमच्या भागात माणूस पोट भरलेलं असताना दुसऱ्या घरचा चहा पितो. शिवांजली ओरडली, "व्हय!" आणि निघाली तिच्यामागं.

पुढचं काही विचारू नका. छातीचा भाता झाला, पोटऱ्या दगड झाल्या. अंजनानं मागं वळून बघितलं आणि वेग वाढवला. शिवांजलीनंही वाढवला. अंजनानं परत बघितलं, परत वाढवला. 'किती जीव लावतीया बिचारी, मागं बघून बघून नेतीया,' शिवांजलीच्या मनात आलं आणि तिला गहिवरून आलं. त्या गहिवरात एक पिवळं बनियन मागं पडलं. मग दुसरं. शेवटच्या चढाला तिसरं. दोघी मैदानात शिरल्या तेव्हा अंजना पुढं आणि शिवांजली तिच्या सावलीवर पाय देत. अकरावी आणि बारावी.

सरांनी बेरीज केली. विश्वास बसेना म्हणून कप्तान प्रियंकाकडून करून घेतली. ढाल साताऱ्याची, अवघ्या तीन गुणांनी. हवालदार मानसिंग यांनी मैदानातच शिवांजलीला कडक सलाम ठोकला आणि मग नाक शिंकरायला पाठ फिरवली.

मांडवात दोघी केळी खात बसल्या. शिवांजलीचे डोळे भरून आले होते. "अंजे, तू बोलावलंस म्हणून आली बघ. न्हाईतर मी कुठली?"

"मी? कवा बोलावलं?"

"शेडपाशी. येती गं, म्हणालीस की."

अंजना तिच्याकडं बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं की केळं खाली पडलं. "आगं बये! ती मी निघाली हुती! तुझा निरोप घेतला! ऐन शर्यतीत जाती कसं म्हणू? घरातनं बाजाराला निघालं तरी येती म्हणत्यात!"

"मग मागं बघून बघून मला वढत न्हवतीस?"

"वढत? तुझ्यापास्नं पळत हुती मी! मागं बघतीया तर तू हाईस. परत बघतीया तर हाईसच. म्हनलं, ही पुढं गेली तर लोनंदात तोंड दावायला जागा न्हाई. लय पळवलंस मला!"

शिवांजलीला आधी भयंकर लाज वाटली. आमंत्रण नसताना पंगतीला बसून दोनदा वाढून घेतल्यासारखी. आणि मग सावकाश तिच्या ध्यानात आलं की शेडपासून इथपर्यंत तिला कुणीच आणलं नव्हतं. ते सगळं पळणं तिचं एकटीचं होतं. तिला इतका आनंद झाला की तिनं आणखी एक केळं सोललं.

"म्होरल्या टायमाला मी तोंडच उघडनार न्हाई," अंजना डोळे पुसत म्हणाली. "गुपचूप सटकनार."

"तू कशाला उघडतीस?" शिवांजली म्हणाली. "म्होरल्या टायमाला मी म्हणीन की, येती गं."

अंजनाचं हसू थांबलं. तिनं शिवांजलीकडं नीट, खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि तिच्या हातातलं सोललेलं केळं काढून घेऊन खायला लागली.