बागेजवळचा विसावा

लिफ्टमध्ये नवसाबाईला आडवं नेता येईना, म्हणून चौघांनी तिला चादरीत घेऊन सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरवलं. प्रत्येक वळणावर तिचा नवरा सहादू भिंत आणि तिचं डोकं यांच्यामध्ये आपला हात धरत होता. खाली पार्किंगमध्ये तिरडी बांधत असताना शेजारच्या इमारतीतला एक जण आला आणि आपली गाडी काढायला किती वेळ लागेल, एवढं विचारून गेला.

मला ओढ्याकाठी जाळा, असं ती आजारपणात सांगत होती. गावाचा मसणवटा तिथंच होता. पण नव्या नगररचनेत गुलाबाचे मळे गेले, ओढा पाइपात गेला आणि मसणवट्याच्या जागी मुलांची बाग झाली. मळ्याच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटच्या बाल्कनीतून ती बाग दिसे. नवसाबाई रोज संध्याकाळी तिथं उभी राहायची. आईला पोरांचा खेळ बघायला आवडतो, असं तिच्या मुलाला, गोरक्षला, वाटायचं.

आता न्यायचं ते नाशिकच्या अमरधामातच. सहादूने त्यावर वाद घातला नाही. विसावा मात्र बागेशी द्यायचा, एवढंच तो म्हणाला.

शववाहिका बागेच्या फाटकाशी थांबली. रविवार होता. घसरगुंडीवर पोरं होती, बाकांवर त्यांच्या आया. गोरक्ष हलक्या आवाजात म्हणाला,

"नाना, इथं तिरडी उतरवली तर पोरं घाबरतील."

"तू थांब. मी बघून येतो."

सहादू चपला काढून आत गेला. जुना करंज तेवढा राहिला होता, बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा बांधलेला. त्याच करंजाच्या मुळाशी त्याने गोरक्षच्या आधीची पोर पुरली होती. वर्षाचीही झाली नव्हती. बायांनी पुढं यायचं नाही, म्हणून नवसाबाई लांब बांधावर बसून राहिली होती. गोरक्षला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

ओट्यावर दोन मुली पानांचा स्वयंपाक मांडून बसल्या होत्या. एकीने सरकून त्याला जागा दिली, एक पान पुढे केलं आणि जेवायला सांगितलं. त्याने ते ओंजळीत घेतलं. तेवढ्यात एक बाई धावत आली. तिने फाटकाशी उभी गाडी पाहिली होती. दोघींना दंडाला धरून ती घेऊन गेली. मग एकेक करून बाकं रिकामी झाली. सहादू परतला तेव्हा झोके नुसतेच हलत होते.

तिरडी उतरवायची का, असं गोरक्षने विचारलं.

"नको. चला."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. सहादू नवसाबाईच्या उशाशी सरकला, तिच्या गळ्यातला हार सारखा केला आणि कानाशी वाकून म्हणाला,

"तिथं पोरी खेळतात. ती एकटी नाय."

समोर बसलेल्या गोरक्षने मान वर केली.

"कोण, नाना?"

गाडी वळली, तसा सहादूने तिच्या डोक्याला हाताचा आधार दिला.