मगरीनं मंजूर केलेला परवाना

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. पण आमच्या दामिनीच्या प्रोग्रामचा परवाना नर्मदेच्या मगरीनं मंजूर केलेला आहे.

शहाद्याला श्रेणिकशेठच्या पंपांच्या गोदामात मी हे सांगायला बसलो, तेव्हा समोर गावोगावची माणसं लॅपटॉप उघडून बसली होती. निम्म्यांशी तर माझी ओळखच नव्हती. गोष्ट सांगायला अशीच माणसं बरी.

दामिनी माझी नात. तापीवरून आमच्या भाऊबंदांची एकच पाइपलाइन येते, आणि थ्री फेज लाईट कधी येईल याचा नेम नाही. लाईट आली की ज्याची बारी असेल त्याला फोन लावायचा आणि मोटार चालू करायची, असा प्रोग्राम तिनं कॉलेजात असताना लिहिला. नावच ठेवलं ‘बारी’. इंटरनेटवर टाकला आणि लिहिलं, ज्याला हवा त्यानं न्यावा, हवं ते करावं. दारात ताक मागायला आलेल्याला अट घालायची आमच्यात रीत नाही. तिथंच फसली पोरगी.

श्रेणिकशेठनं तो आपल्या स्टार्टरच्या पेटीत घातला, सुधारला, आतलं कुणाला दिसू नये असं कुलूप लावलं आणि नवापूरपासून सुरतेपर्यंत विकला. चोरी नव्हे, मुभा तिनंच दिलेली. पण सुधारलेलं काही परत आलं नाही, आणि बिघडलं की शिव्या द्यायला फोन मात्र दामिनीला. भरल्या ताटावरून ती उठायची. शेवटी शेठ म्हणाले, माझ्याकडे नोकरी घे आणि पुढचं सगळं माझ्या नावावर कर. ती हो म्हणायच्या बेतात होती.

“मन्हा एकलीघाई व्हवाव नही, बाबा,” म्हणाली. खरंच, एवढं एकटीच्यानं कसं व्हावं?

मी तिला केळीच्या कंदांची आठवण करून दिली. टिश्यू कल्चरची रोपं यायच्या आधी कंद शेजाऱ्याच्या बागेतून यायचे, फुकट. केळी विका, माडी बांधा. पण उद्या तुमच्या बांधावर कुणी कंद मागायला आला तर नाही म्हणायचं नाही. दामिनीनं नव्या परवान्यात तेच लिहिलं: न्या, विका, पण जी सुधारणा कराल ती सगळ्यांसाठी उघडी ठेवा. असे परवाने जगात आधीपासून आहेत म्हणे. असतील, त्या लोकांनीही कुठंतरी केळी लावली असणार.

जुना प्रोग्राम गेला तो गेला, अट लागणार नव्या बारीला. तरीही बारी लिहायला ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांचा होकार घेतल्याशिवाय पोरगी पुढं जाईना. सगळ्यांचे आले, एक राहिला. नर्मदाकाठच्या मणिबेलीच्या रविनाचा. तिनं बारीत भिली भाषेत बोलणारा आवाज घातलेला, आणि तिच्या गावात रेंज नाही.

मग काय, मी निघालो. भिला नावाड्याच्या होडीत बसलो. मधोमध मगर आडवी. भिलानं वल्हं टाकून दिलं. मी मात्र उभा राहिलो आणि तिला परवाना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. ऐकता ऐकता तिचे डोळे मिटले. भल्या भल्या वकिलांचे मिटतात. शेवटी म्हणाली, “मंजूर शे, बाबा,” आणि शेपटीनं ढकलत होडी मणिबेलीला लावली. रविनानं हात धरून मला उतरवलं आणि तिथंच होकार दिला.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. गिऱ्हाइकं नवी बारी मागायला लागली, तसं शेठनं कुलूप काढलं. मग दामिनीनं आणखी एक रीत लावली. आमच्याकडे पाणी सोडायच्या आधी चारी साफ करायला घरटी एक माणूस फावडं घेऊन येतो. तसा बारी वापरणाऱ्या गावानं हंगामाआधी दुरुस्तीला माणूस द्यायचा. आज तोच दिवस. शेठनं गोदाम दिलं, चहा दिला, आपला मेकॅनिकही बसवला. आणि ती बघा आमची दामिनी, तिकडे कोपऱ्यात निवांत जेवतेय. तिचा फोन आज दुसराच कुणी उचलतोय.

“आणि हे सगळं,” मी छाती काढून म्हणालो, “त्या मगरीच्या एका शब्दावर.”

तो फोन हातात असलेली, अगदी माझ्यासमोर बसलेली मुलगी हसली.

“बाबा, रविना मीच. तुम्ही मणिबेलीला कधी आलाच नाहीत. मीच होडीनं अलीकडे रेंजमध्ये येऊन दामिनीताईला फोन केला. आणि आमच्याकडची मगर अहिराणी बोलत नाही.”