आसरांची घळ

चढ संपला की उतार लागतो, असं कानिफनाथ मामा म्हणाले आणि मी बावळटासारखी खूश झाले. उतार लागला तेव्हा कळलं, चढच बरा होता. पायाखाली सुटे दगड, दोन्ही अंगाला कारवीची झुडपं, पण धरावं तर हाताला भक्कम असं काही लागत नाही. आणि माझ्यापुढं सत्तरीला टेकलेली माझी सासू लुगडं खोचून शेळीसारखी उतरत होती.

"चल गं अश्विने, आलंच!" ती मागं न बघता ओरडली.

आलंच म्हणे! सकाळपासून आलंच चाललंय.

सासूला मी आत्या म्हणते. गोजरबाई तिचं नाव. आम्ही राहात्याचे, पण आत्याचं माहेर इकडं अकोले तालुक्याच्या डोंगरात. कानिफनाथ मामा तिचे धाकटे भाऊ. शनिवार-रविवारी पुण्या-नाशकाची पोरं घळ बघायला येतात, त्यांना मामा दोर आणि जॅकेटं देऊन पाण्यातून फिरवून आणतात. घळ म्हणजे ओढ्यानं डोंगर चिरून केलेली अरुंद फट, आणि आत एकाखाली एक डोह. लोक लांबून पोहायला येतात. आम्हाला कसलं पोहणं! डोहाच्या काठाला साती आसरा आहेत, पाण्याच्या सात देवी म्हणून शेंदूर लावलेले सात दगड. आत्यानं दिवाळीपासून घोशा लावला होता, एकदा आसरांकडं जाऊन येऊ.

कशासाठी, ते विचारायची गरजच नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही. नगरच्या डॉक्टरांकडं तीनदा टेस्ट ट्यूब करून झालं. तीनदा त्या सुया, तीनदा तो निकालाचा फोन. मधल्या खेपेला राहिलं होतं, पण एका सकाळी मोरीतच सगळं संपलं. आता सोमवारी परत जायचं ठरलं होतं, आणि मला जायचं नव्हतं. बस, एवढंच. पण सांगणार कुणाला? डॉक्टरचं नाव काढलं की माझ्या नवऱ्याचा, हर्षलचा चेहरा खुलायचा. आणि आत्या तर प्रत्येक संकष्टी माझ्या पोटासाठी धरायची. 'नको' हा एवढासा शब्द, पण तोंडातून निघेल तर शपथ.

"दमलीस का?" मागून हर्षलनं विचारलं.

"छे, नाचतेय."

"चालणं चांगलं असतं. डॉक्टर म्हणाले होते ना?"

"मग डॉक्टरांनाच आणायचं होतंस."

तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय. माझ्या मनात मात्र एकच होतं, खाली गेलं की आता आणखी एक नवस. आणखी कसला तरी उपास, आणखी कुठलं तरी पथ्य. अंगात त्राण नव्हतं, ना पायात ना मनात. इथंच हिरड्याखाली फतकल मारून बसावं आणि म्हणावं, जा तुम्ही पुढं, मी काही येत नाही.

पण गेले. जातेच की मी नेहमी.

घळीत शिरलो आणि एकदम गारवा लागला. दोन्ही बाजूंना काळे कडे, वर आभाळाची चिंधी, आणि खाली हिरवंगार पाणी. मामा आणि हर्षल कपडे काढून खालच्या डोहात उतरले. हर्षल गारठ्यानं असा काही किंचाळला की कड्यावरची पाखरं उडाली. मी वरच्या डोहापाशी पाण्यात पाय सोडून बसले. आत्यानं सातही दगड धुतले, हळदकुंकू लावलं, एकेकीपुढं हिरव्या बांगड्या ठेवल्या. मग पिशवीत हात घालून तिनं एक लाकडी पाळणा काढला. वीतभर, लाखेचा रंग दिलेला, राहात्याच्या बाजारात मिळतो तसला.

मी चमकले. मूल झाल्यावर पाळणा वाहीन, असं बोलायची रीत असते. मूल झालं की मग पाळणा. आधी कुणी आणत नाही.

"आत्या, हे काय? पाळणा आत्ताच?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दगडांकडं तोंड करून हात जोडले. "बायांनो, ही नवी नवरी हुती तवा तुमाला बोलले हुते, पोर झालं की पाळना वाहीन. तुमी काय दिलं न्हाई. न्हाई तर न्हाई. माझा पाळना घ्या अन् नवस फिटला म्हना. माझ्या सुनंला मोकळं करा. लई हाल झालं तिचं. आता बास."

आनंद व्हायला हवा होता, की नाही? झाला नाही. राग आला, असा राग आला की कानशिलं तापली.

"हे आत्ता सांगताय? मग तेव्हा का नाही सांगितलं? मी मोरीत बसले होते तेव्हा? तुम्ही बाहेर उभ्या होतात ना?"

"उभी हुते."

"मग?"

"मला वाटायचं, तुलाच पाहिजेल हाय." तिनं कुंकवाची बोटं लुगड्याला पुसली. "मी बास म्हनले असते तर तू म्हनली असतीस, सासूनं आस सोडली. म्हनून उपास धरीत गेले. तू सुया घेत गेलीस, म्या उपास धरीत गेले."

मी तिच्यासाठी आणि ती माझ्यासाठी! मी कपाळावर हात मारून घेतला. मग रडले. ती माझ्याजवळ आली नाही, तिथंच दगडांपाशी बसून तीही रडत होती.

हर्षल वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते, अंग थडथडत होतं. आम्हा दोघींचे चेहरे बघून तो जागच्या जागी थांबला.

"काय झालं?"

आत्या माझ्याकडं बघत राहिली. हे माझ्या वाटणीचं होतं, ते तिनं सांगितलं नसतं.

"सोमवारी मी येणार नाही," मी म्हणाले. "परत कधीच नाही. मला आता होत नाही, हर्षल."

मला वाटलं, तो समजूत घालील. शेवटचं एकदा, असं म्हणेल. तो तसाच ओल्या अंगानं खाली बसला. मग म्हणाला, "तिसऱ्यांदा नेलं तेव्हाच मला पुरे झालं होतं. पण तुम्ही दोघी..."

खालून मामांनी हाक मारली, "आक्का, आवरा! ऊन कललं." कुणी उठलं नाही.

आत्या पाळणा आसरांपुढं ठेवायला गेली आणि मध्येच थांबली. "रिकामा कसा ठिवायचा? रिकामा पाळना हलवू नये, ठिवू बी नये." तिच्याकडं काही नव्हतं. ती इकडंतिकडं बघायला लागली.

हर्षलनं डोहात हात घातला. एक गोटा काढला, मुठीत मावेल एवढा, गुळगुळीत. त्यानं तो माझ्या ओंजळीत दिला. थंड होता आणि वाटलं त्यापेक्षा जड होता. मी पदरानं पुसला, कोरडा होईपर्यंत पुसत राहिले, आणि पाळण्यात निजवला.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी मानेनंच हो म्हटलं. तिनं दोन बोटांनी पाळण्याला एक झोका दिला.