सहावा टोल

या, जरा जवळ सरका. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आमच्या शाळेतल्या मावशींची गोष्ट सांगते.

साथ पुन्हा चढत होती आणि व्हरांड्यात पालकांची सभा भरली होती. शाळा चालू ठेवायची की बंद?

"माझी आई अंथरुणाला खिळलीये," एक वडील ओरडले. "पोरानं आजार घरी आणला, तर कोण जबाबदार?"

"आणि मी कामावर गेले की माझी पोर कुलपात बसते," शिवणकारखान्यातली एक आई म्हणाली. "तिनं भिंतीशी बोलायचं का?"

मी बालवर्गाची बाई. मला दोघांचंही पटत होतं. शेवटी मोठ्या बाईंनी दाराशी उभ्या मावशींकडे पाहिलं. घंटा देणं, फरशी पुसणं, चिमुकल्यांचे हात धुवून देणं, सगळं त्यांच्याकडे. त्या नाहीत तर शाळा नाही. आणि त्यांच्या घरी मिस्त्री, त्यांचे यजमान. दगड घडवून घडवून छातीत धूळ बसलेली. हा आजार त्यांना झेपला नसता.

"ज्यांची सोय आहे त्यांनी पोरं घरी ठेवावीत," मावशी म्हणाल्या. "कुलपातली तेवढी येऊ द्या. मी इथंच राहते, नकाशांच्या खोलीत."

"आणि मिस्त्री?"

"त्यांचं काय, माझी कटकट तेवढीच कमी!"

घर शाळेच्या भिंतीपलीकडेच. शाळा सुटताना पाच टोल असत. मावशी सहावा देऊ लागल्या. 'मी बरी आहे' हा निरोप. मग पलीकडच्या खिडकीतून मिस्त्रींचा हात हलताना भिंतीवरून दिसे.

"मावशी, मोजायला चुकलात!" मुलं खिदळायची.

"तुमच्याच वर्गातली ना मी, आणखी काय येणार!"

तेविसाव्या दिवशी सकाळी मावशींना ताप भरला. दवाखान्याची गाडी आली. चढताना म्हणाल्या, "बाई, त्यांना एवढ्यात कळवू नका. घाबरले की दम लागतो."

शाळा सुटताना मी हातोडी घेतली आणि सहा टोल दिले. देवा, क्षमा कर, घंटेला खोटं बोलायला लावलं.

थोड्या वेळानं भिंत धरत धरत मिस्त्री फाटकाशी आले. तोंडाला रुमाल.

"बाई, ती कुठंय?"

"आत आहेत. टोल ऐकलेत ना?"

"ऐकले. पण पाच झाले की ती थांबते. मला खाटेवरून खिडकीशी यायला वेळ लागतो ना. तुम्ही सलग दिलेत."

माझी मान खाली गेली. सगळं सांगितलं. ते फाटक धरून उभे राहिले, दम खात.

"पोरं आहेत अजून आत?"

"दोघीतिघी आहेत."

"मग डोळे पुसा आधी."

दवाखान्यात बाराव्या दिवशी मावशी गेल्या. सभेत ओरडलेले तेच वडील आले, नकाशांच्या खोलीतली वळकटी त्यांनी स्वतः बांधली आणि खांद्यावरून मिस्त्रींच्या दाराशी नेऊन ठेवली. शाळा चालू ठेवली ते बरोबर की चूक? एक दिवस देवालाच विचारीन. मला ठरवता आलेलं नाही.

आता घंटा मी देते. पाच टोल. मग थांबते, खाटेवरून खिडकीशी यायला लागतो तेवढा वेळ. मग सहावा. भिंतीवरून हात दिसतो.

तुमच्या कानी कुठल्याही शाळेची घंटा पडली, तर शेवटच्या टोलानंतर लगेच कामाला लागू नका. श्वासभर थांबा, आणि आमच्या मावशींना आठवा.