न उघडणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. मित्रांनो, माझ्यामागे घर शोधू नका. मी नाटकातला आहे. सुताराने मला प्लायवुडचा केला आणि वर सागवानी रंग चढवला. लांबून मी फार खानदानी दिसतो.

आमचं नाटक म्हणजे शोकांतिका. मुलगा मोठा माणूस व्हायला घर सोडतो, हात हलवत परत येतो आणि माझ्यावर थाप मारतो. बाप ऐकतो, पण उघडत नाही. पडदा! बाप व्हायचे नाटक कंपनीचे मालक आणि मुलगा व्हायचा त्यांचाच मुलगा.

एकदा ऐन थापेच्या वेळी वाऱ्याने मी आपोआप उघडलो. प्रेक्षक खो खो हसले. मालक सुतारावर उखडले, "पुन्हा उघडला तर तुझी धडगत नाही!"

सुताराने मागून चार खिळे ठोकले. "आता भूकंप झाला तरी हलायचा नाही, मालक."

पुढे एका दुपारी मुलगा म्हणाला, "बाबा, मला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागलीय. आजचा प्रयोग शेवटचा."

"माझा मुलगा चष्मे विकणार? लोक म्हणतील, हरला!"

"इथे रोज हरतोच आहे, बाबा. एकदा बाहेर हरून बघतो."

मालकांनी बोलणंच टाकलं.

त्या प्रयोगात थाप पडली आणि मालक उठले. त्यांना मुलाला थांबवायचं होतं. त्यांनी कडी धरून मला ओढलं. खिळे त्यांच्या ध्यानातही नव्हते. पाय रोवून पुन्हा ओढलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. हाक मात्र मारली नाही. त्या जागी त्यांना वाक्य नव्हतं, आणि तीस वर्षांत त्यांनी पदरचं वाक्य कधी घातलं नव्हतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे हादरे आणि त्या टाळ्या ऐकून पलीकडे मुलाला वाटलं, बाबांनी नवा अभिनय बसवलाय. "झकास, बाबा," तो मला टेकून पुटपुटला आणि बॅग उचलून गेला.

वर्तमानपत्रांनी तोच प्रसंग डोक्यावर घेतला. मालकांना जन्मभर हवं होतं ते यश मिळालं. पुढचे दोनशे प्रयोग ते मला तसेच ओढत राहिले. पलीकडून थाप मारायचा पडदेवाला, दुसऱ्या हाताने शेंगदाणे खात.

आता मालक नाहीत. मी गोदामात भिंतीला टेकून उभा आहे. बिजागऱ्या गंजल्या, रंगाचे पोपडे निघाले. चुकूनही कोणी थाप मारत नाही.

मित्रांनो, घरच्या दारांची निगा राखा, अधूनमधून तेल घाला. तरीही एखादं अडलंच, तर नुसतं ओढत बसू नका. तोंडाने हाक मारा. पलीकडे ऐकू जातं. मी मध्येच उभा होतो, म्हणून सांगतो.