सईदाची हलणारी दाढ

मित्रांनो, मी दात काढायचा एक जुना चिमटा आहे. मला पाहून मुलं आईच्या पदराआड लपत. पण एकदा एका मुलीला पाहून मीच घाबरलो होतो. ते तुम्हांला सांगतो.

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. अमरावतीत राजापेठेला उत्तमराव डॉक्टरांचा लहानसा दवाखाना होता. त्यांनी मला मुंबईहून मागवलं, तेव्हा मी आरशासारखा चकचकीत होतो. ताप-खोकला बघता बघता ते दातही काढत. रोज मला उकळत्या पाण्यातून काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवत. डॉक्टरांचा हात हलका आहे, असं लोक म्हणत. त्यात थोडा वाटा माझाही, असं मी मनात म्हणे.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी फळं विकणारे शफीकभाई आपल्या मुलीला उचलून घेऊन आले. सईदा दहा वर्षांची होती. गाल सुजलेला, हात काडीसारखे. डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं. हिरड्या लालभडक होऊन दातांवर चढल्या होत्या. एका पक्क्या दाढेच्या मुळाशी पू होता आणि ती दाढ हलत होती.

"काढून टाका साहेब," शफीकभाई म्हणाले. "पोरगी लय तरास काढून राहिली."

डॉक्टरांनी मला हातात घेतलं. सईदाची नजर माझ्यावर खिळली, पण ती रडली नाही. रडायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती. ती धापा टाकत होती. त्या क्षणी मला भीती वाटली. या दाढेला हात लागू नये, असं मला फार वाटू लागलं.

डॉक्टर खाली वाकले आणि थांबले. मुलीनं काय खाल्लं, असं त्यांनी विचारलं. कालपासून काहीच नाही, नुसतं पाणी पिते आणि सारखी लघवीला जाते, असं शफीकभाईंनी सांगितलं.

"मंग तोंडाले पिकल्या फळाचा वास कायचा येते?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या घरी फळंच असतात साहेब. वास तं राहतेच."

डॉक्टरांनी मला खाली ठेवलं. मुलीची लघवी काचनळीत निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळली. निळं पाणी विटेसारखं लाल झालं. म्हणजे लघवीत साखर होती. हा मधुमेह आहे, तोंडाचा वासही त्यानंच येतो, असं डॉक्टर म्हणाले. साखर अशी वाढली की हिरड्या सडू लागतात आणि जखम भरत नाही. आज दाढ काढली तर पोरगी हाती लागणार नाही. आधी तिला मोठ्या दवाखान्यात न्या, इन्सुलिन टोचावं लागेल. ते स्वतः टांग्यात बसून बरोबर गेले.

मी फडक्यावर तसाच पडून राहिलो. ती जगली की नाही, हे मला कोण सांगणार? दाराशी टांगा थांबला की माझा जीव धसकायचा.

पावसाळा सरता सरता तिची आई खातूनबी तिला घेऊन आली. सईदाचे गाल भरले होते. घरी रोज इन्सुलिन टोचत होते. दाढेचा पू गेला होता, पण हिरड्या अजून लालच होत्या. मी पुन्हा घाबरलो. रक्त येतं म्हणून मुलीचं दात घासणं बंद केलं, असं खातूनबीनं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. दात साफ न केल्यानं हिरड्या आणखी सुजतात, मऊ ब्रशनं हळूहळू रोज घासा, मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरा, साखर ताब्यात ठेवा, असं त्यांनी बजावलं.

मग सईदा खालच्या आवाजात म्हणाली, "रक्त तं लय पयलेपासून येत होतं. मी सांगितलं नाही. मले दात काढायच्या चिमट्याचं भेव वाटे."

खातूनबीनं मुलीला जवळ ओढलं.

थंडीत सईदा पुन्हा आली, तेव्हा डॉक्टरांनी बोटानं दाढ हलवून पाहिली. ती घट्ट बसली होती. मला कुणी हातही लावला नाही.

मित्रांनो, आता मी गंजलो आहे. मला घाबरलात तरी चालेल, पण दुखणं लपवू नका. मधुमेह असेल तर हिरड्यांना आणखी जपा. चूळ टाकताना लाल दिसलं, तर पाणी ओतून ते धुऊन टाकू नका. आधी आईला हाक मारा.