माती बाहेर, पोरी आत

मले राग लवकर येते, हे साऱ्या गावाले माहीत हाये. माहा नवरा नागोराव त म्हणे, "तुळसा, तुह्या तोंडाले कुलूप लावा लागते." लाव म्हणा! मी काय भेते काय?

आमी धम्म घेतला त्याच्या पुढच्या सालची गोठ. दीक्षा घेऊन नागपूरहून परतलो तवाच म्या ठरवलं होतं, माह्या लेकीले, नलूले शिकवाचं. पोट्टी हुशार होती. चौथीची परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाले नेर गावाले होती. अन् ऐन वक्ताले वावधन सुटलं, शाळेवरचे टिनं उडून नाल्यात जाऊन पडले. मास्तर म्हणे, "वरून मंजुरी आल्याबिगर टिनं बसत नाहीत. तोवर शाळा बंद." आता बसा बोंबलत! हे साल हुकलं असतं त नागोरावनं पोट्टीले वावरात निंदाले धाडलं असतं, मंग कायची शाळा अन् कायचं काय. नलू जेवे ना, बोले ना. माहा जीव तुटून राह्यला होता.

अशात हिरासिंग पैलवान आला. बाजूच्या तांड्यावरचा गडी, जत्रेजत्रेत कुस्त्या मारून पोट भरे. अख्ख्या वऱ्हाडात कोठंही दंगल असली की पह्यलं नाव त्याचं. गावात पाय ठेवला की पोट्टे मांगं मांगं, अन् मोठे माणसं हातचं काम टाकून पारावर. शाळा बंद हाये हे त्यानं आयकलं अन् म्हणे, "तालमीत भरवा नं. एवढी पक्की जागा रिकामी पडते दिवसभर."

लोक म्हणे, "पैलवान, तुमाले शाळेचं एवढं काहून?"

त्यानं लपवलं नाही. "यवतमाळच्या ष्टँडवर मी नेरची मोटार समजून पुसदच्या मोटारीत बसलो. पाटी वाचता येत नाही, अन् एवढा मोठा पैलवान, कोणाले इचाराची लाज वाटली. कुस्ती हुकली. लोक म्हणे, हिरासिंग भेऊन पळाला. ते मले अजून सलते."

सारे हासले, तोही हासला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं त गावानं मैनाभर काथ्याकूट केला असता. हिरासिंगनं म्हटलं, बस, ठरलं.

दुसऱ्या दिवशी नलूची वेणी घालून मी तिले घेऊन गेली. तालमीच्या दारात बळीराम वस्ताद हात आडवा करून उभा. हिरासिंगले कुस्ती शिकवणारा म्हातारा. मले म्हणे, "बाई, पोट्टे आत जातीन. पोरी नाही."

माह्या अंगाची लाही झाली. मले वाटलं, आपलीच पोट्टी पाहून अडवलं. मांगं वळून पाह्यते त पाटलाची पोरगीही भिंतीजवळ रडून राह्यली होती! वस्ताद म्हणे, "मारोतीरायाची तालीम हाये. आखाड्याच्या मातीजवळ बाईजात येत नाही. माह्या वस्तादाच्या आधीपासूनचा नेम हाये."

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "मी तरी काय करू? जागा त्यांची आहे. पोरींनी खिडकीपाशी बसून ऐकावं."

खिडकीपाशी! चैताच्या उन्हात! मी तशीच तरातरा विहिरीवर गेली. हिरासिंग तेथं पोराईले डाव सांगून राह्यला होता. म्या सोडलं नाही त्याले. "काय हो पैलवान, मोठी शाळा भरवली तुमी! पोट्ट्यायची मोटार चुकू नये, अन् आमच्या पोरी गेल्या खड्ड्यात त जाऊ द्या?"

त्याचं तोंड उतरलं. "बाई, पोरीईचं माह्या ध्यानातच नाही आलं."

"ध्यानात काहून येईन? तुमच्या ध्यानात कुस्त्या!"

तसाच तो उठला अन् तालमीत आला. मी मांगून, उंबरठ्याच्या बाहेरच. वस्तादापुढं हात जोडून म्हणे, "वस्ताद, तुमचा नेम मी मोडत नाही. एवढंच सांगा, तालीम म्हणजे काय? भिंती का माती?"

"माती," वस्ताद म्हणे. "भिंती त गोठ्यालेही असतेत."

"मंग माती मी बाहेर नेतो."

वस्ताद आखाड्याच्या काठाशी बसला. बसनच. त्या मातीत त्यानं आपल्या हातानं तेल, ताक, हळद कालवली होती, लेकरासारखी पोसली होती. उघड्यावर ती किती दिवस टिकणार? एक पाणी आलं की चिखल. मले रागातही त्या म्हाताऱ्याची कीव आली. मंग वस्ताद उठला, कोनाड्यातला मारोती काढून छातीशी धरला अन् लिंबाखाली नेऊन ठेवला.

हिरासिंगनं पावडं घेतलं. पोट्टे टोपलं उचलाले धावले. आमाले त मातीले हात लावाची सोय नव्हती. मी अन् नलू भिंतीशी उभ्या राहून पाह्यत होतो. घाम अन् लाल माती एक झाली त्याच्या अंगावर. दुपार कलली तवा आखाडा लिंबाखाली गेला, अन् तालमीत नुसता खड्डा राह्यला.

नलू आत गेली. मले भडभडून आलं, म्या पदरात तोंड घालून रडून घेतलं.

मास्तरनं फळा टेकवला. हिरासिंग दाराशी येऊन उभा राह्यला, आत डोकावून राह्यला. नलूनं पाह्यलं. "काका, या नं आत. तुमाले कोण अडवते?"

तो म्हणे, "नाही बाई. माह्या अंगाले आखाड्याची माती हाये. मी उंबरठा ओलांडला की इथं पुन्हा तालीम झाली. मंग तुमाले बाहेर जा लागन."

पैलवान गडी, ती माती कपाळाले लावणारा! विहिरीवर गेला, दगडानं अंग घासघासून धुतलं, नखातली मातीसुद्धा काडीनं काढली. धुतलेलं धोतर नेसून आला. पोट्टे हासले, मास्तरही गडबडले. हिरासिंग वाकून आत आला.

नलू सरकली अन् त्याले बसाले जागा देली.